माझं अजून काहीच झालेलं नाही

पुण्यात घोरपडीतल्या एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, पावसाळ्यातल्या एका बुधवारी, आमच्या मंडळीची घरगुती प्रार्थना सभा होती. सोफा भिंतीला सरकवून सतरंज्या अंथरल्या होत्या, दाराबाहेर ओल्या छत्र्या टेकवून ठेवल्या होत्या आणि स्वयंपाकघरातून आल्याच्या चहाचा वास येत होता. दोन गीते झाली, वचन वाचून झाले आणि साक्षींची वेळ आली. एका बंधूंनी अडकलेले गृहकर्ज उपवास-प्रार्थनेनंतर कसे मंजूर झाले ते सांगितले. एका भगिनीच्या सुनेचे अवघड बाळंतपण सुखरूप पार पडले होते. प्रत्येक साक्षीनंतर खोलीतून "प्रभूची स्तुती असो" असा प्रतिसाद येत होता. मग दाराजवळ बसलेल्या एक बाई उठल्या, त्यांनी पदर डोक्यावर नीट घेतला आणि त्या म्हणाल्या, "मला पण साक्ष द्यायची आहे. पण माझं अजून काहीच झालेलं नाही. तरी मी आले आहे." एवढे बोलून त्या बसल्या. त्यांचा मुलगा व्यसनमुक्ती केंद्रातून दुसऱ्यांदा पळून आला होता आणि हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होते. "स्तुती असो" म्हणावे की म्हणू नये, हे कोणालाच सुचेना. कोणीतरी घसा खाकरला, सभा चालवणाऱ्या बंधूंनी पुढच्या गीताचा क्रमांक सांगितला आणि पेटीचा भाता हलू लागला.

कोणी त्यांना दुखावले नव्हते. चहाच्या वेळी दोघीतिघींनी त्यांचा हात हातात घेतला, "आम्ही प्रार्थनेत आठवण करतो" असे सांगितले, आणि ते खरेही होते. तरी ते वाक्य माझ्या मनातून जाईना. लहानपणापासून मी साक्षी ऐकत आले आहे आणि त्यांनी मला बळ दिले आहे, म्हणून त्यांची चेष्टा करण्याचा माझा हेतू नाही. पण आपल्याकडच्या साक्षीचा एक ठरलेला घाट असतो. आधी संकट, मग गुडघे टेकणे, मग सुटका. आणि सगळे भूतकाळात. ज्याचे संकट अजून चालू आहे त्याने साक्ष द्यायची नसते, त्याने प्रार्थनेची विनंती द्यायची असते. ती चिठ्ठीवर जाते, पुढून नाव वाचले जाते. पहिले काही आठवडे ते नाव कळकळीने घेतले जाते, नंतर घाईने, आणि काही महिन्यांनी माणूस स्वतःच संकोचून चिठ्ठी देणे थांबवतो. मग त्याचे बरे झाले असावे असे मंडळी समजते. त्या बाईंनी चिठ्ठी न देता उभे राहून जे केले ते या सगळ्या व्यवस्थेत कुठेच बसणारे नव्हते, आणि मला ते इतके ओळखीचे वाटले की घरी जाताना रिक्षात मी कोणाशी बोलले नाही.

ओळखीचे वाटण्याचे कारण माझे वडील.

पप्पा नगरकडचे, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. गाणे ही त्यांची खरी नोकरी होती. नाताळच्या आधीच्या आठवड्यात घरोघर फिरणाऱ्या भजनी मंडळात पेटी त्यांच्याकडे असे, आणि रेव्हरंड टिळकांची भजने कोणत्या चालीवर म्हणावीत यावरून ते तरुणांशी तावातावाने भांडत. एका सकाळी दात घासताना त्यांच्या हातातून ब्रश पडला, आणि आरशासमोर उभ्या असलेल्या त्या माणसाचे अर्धे तोंड आमच्या डोळ्यांदेखत खाली ओघळले. मेंदूच्या डाव्या बाजूला झटका बसला होता. उजवा हात, उजवा पाय गेला आणि त्यांच्याबरोबर बोलणेही गेले. त्यांना सगळे कळत होते, ते डोळ्यांवरून दिसत होते. पण पाणी हवे असेल तर "पाणी" हा शब्द सापडत नसे. तोंडातून भलतेच काहीतरी येई, ते चुकले आहे हे त्यांना त्याच क्षणी कळे, आणि मग डाव्या हाताने ते स्वतःच्या मांडीवर मारून घेत. माझे नावही त्यांना घेता येत नव्हते. रुग्णालयातून घरी आणल्यावर हॉलमध्ये लोखंडी पलंग आला, त्यावर हवेची गादी आली, आणि त्या गादीच्या मोटरची गुणगुण रात्रंदिवस घरात भरून राहिली. अजूनही एखाद्याच्या घरी तो आवाज ऐकला की माझे खांदे आवळले जातात.

साधारण महिन्याभराने एका संध्याकाळी पाळकसाहेब भेटीला आले. प्रार्थना संपवताना त्यांनी प्रभूची प्रार्थना सुरू केली, आणि पलंगावरून पप्पांचा आवाज आला. स्पष्ट, थोडा जाड, पण अडखळत नसलेला. "हे आमच्या स्वर्गातील पित्या, तुझे नाव पवित्र मानले जावो." शेवटच्या आमेनपर्यंत एकही शब्द चुकला नाही. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून रडू लागली. पाळकसाहेबांचेही डोळे भरले, आणि पुढच्या रविवारी मंडळीत ही गोष्ट साक्ष म्हणून सांगितली गेली. वाणी गेली तरी प्रार्थना गेली नाही, देव आपल्या लेकरांना सोडत नाही, अशा शब्दांत. मीही त्या दिवशी भारावून गेले होते.

पुढच्याच आठवड्यात स्पीच थेरपिस्ट मुलीने मला समजावून सांगितले की असे पुष्कळदा घडते. जे शब्द आयुष्यभर एकाच क्रमाने, एकाच लयीत म्हटलेले असतात, म्हणजे एक ते दहा आकडे, आठवड्याचे वार, गाणी, प्रार्थना, ते बोलण्याच्या नेहमीच्या वाटेने येत नाहीत. विचार करून वाक्य जुळवणे वेगळे आणि पाठ असलेले ओघात बाहेर पडणे वेगळे. म्हणून बोलता न येणारा माणूस गाऊ शकतो. तिने "एक, दोन" म्हटल्यावर पप्पांनी दहापर्यंत आकडे म्हणून दाखवले. ती अगदी हळुवारपणे सांगत होती, पण माझ्या आतले काहीतरी खाली बसत गेले. त्यात भर म्हणजे, दोन दिवसांनी फिजिओथेरपी चालू असताना दुखऱ्या खांद्याला कळ लागली आणि पप्पांच्या तोंडून एक सणसणीत शिवी बाहेर पडली. ज्या माणसाने जन्मात घरात कधी वाईट शब्द काढला नव्हता, त्याच्या तोंडून, प्रभूच्या प्रार्थनेइतकीच स्पष्ट. थेरपिस्ट मुलीला विचारल्यावर ती हसून म्हणाली, "हो, शिव्या पण राहतात."

आता प्रार्थना हा देवाच्या सान्निध्याचा पुरावा मानायचा, तर शिवीचे काय करायचे?

हा प्रश्न मी कोणाला विचारला नाही. विचारण्यासारखी माणसे घरी पुष्कळ येत होती, पण ती बरोबर उत्तरे घेऊन येत होती. "देवाची काहीतरी योजना आहे." "देव पेलवेल तेवढेच ओझे देतो." हे दुसरे वाक्य तर इतक्या जणांनी ऐकवले की अखेर मी ते बायबलमध्ये शोधायला बसले. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात प्रेषित पौल जे म्हणतो ते परीक्षेविषयी, मोहात पडण्याविषयी आहे, ओझ्याविषयी नाही. उलट त्याच पौलाने त्याच करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात सरळ कबूल केले आहे की आशियात त्याच्यावर आलेले संकट त्याच्या शक्तीपलीकडचे होते, इतके की त्याने जगण्याची आशाही सोडली होती. म्हणजे पेलवत नाही असे ओझे येते. हे वाचून मला जेवढा दिलासा मिळाला तेवढा कोणत्याही भेटीने दिला नाही. प्रेषितालाही पेलवले नव्हते, मग खडकीच्या एका घरातल्या मुलीला पेलवले नाही तर तिच्या विश्वासात काही खोट आहे असे कोणी म्हणू नये.

अपवाद एका काकांचा. ते कारखान्यात पप्पांच्या खात्यात होते. दर शनिवारी सकाळी सायकलवरून यायचे, पिशवीतून स्वतःचा ब्रश आणि साबणाची वाटी काढायचे आणि पप्पांची दाढी करायचे. लुळ्या पडलेल्या गालाची कातडी दोन बोटांनी ताणून, हनुवटीखालची खळगी जपत, अर्धा-पाऊण तास. मग तुरटी फिरवायचे, डाव्या हाताची नखे कापायचे, चहा घ्यायचे आणि "येतो" म्हणून जायचे. मोठ्याने प्रार्थना त्यांनी एकदाही केली नाही. पप्पांसमोर माझी तब्येत, भावाची अमेरिकेतली नोकरी, डॉक्टरांचे बिल यांतले काही काढले नाही. शनिवारी दुपारी पप्पांच्या गालाला तुरटीचा वास यायचा, आणि त्या एका दुपारी ते आजारी माणसासारखे दिसत नसत.

त्या काळातल्या रात्रींविषयी मला खरे लिहिले पाहिजे, कारण साक्षींमध्ये नेमका तोच भाग गाळला जातो. देव जवळ आहे, अशी भावना मला त्या रात्रींत झाली नाही. शांती उतरली नाही, कोणते वचन अचानक मनात प्रकाशले नाही. दोन वाजता कूस बदलायला उठायचे, चादर ओली असेल तर बदलायची, पाठीवर कुठे लाली आली आहे का ते टॉर्चने पाहायचे, आणि पुन्हा आडवे होऊन त्या मोटरच्या आवाजात देवाशी भांडायचे. ज्याने आयुष्यभर तुझी गाणी गायली त्याचाच आवाज का नेलास. आणि नेलास तर पुरता का नेला नाहीस, तुझी प्रार्थना तेवढी ठेवून माझे नाव कशाला नेलेस. हे शब्द मी दिवसा उच्चारले असते तर आईला धक्का बसला असता. मात्र एक गोष्ट मला फार नंतर जाणवली. मी ज्याच्याशी भांडत होते तो तिथे नाहीच, मी छताशी बोलते आहे, असे त्या सगळ्या काळात मला कधी वाटले नाही. जवळीक वाटली नाही, पण रिकामेपणही वाटले नाही. याला सान्निध्य म्हणता येईल का, हे मी ठरवू शकत नाही.

रुग्णसेवेच्या ब्यूरोतून आलेल्या मावशींची गोष्ट याच्या पुढची. त्या लातूरकडच्या, गळ्यात तुळशीची माळ, आषाढीला वारी चुकली की हळहळणाऱ्या. पप्पांना भरवणे हे घरातले सर्वांत कठीण काम होते. अन्नाची नळी काढल्यानंतरही ते तोंड घट्ट मिटून घेत, आणि जबरदस्ती करावी तर ठसका लागण्याची भीती. एके दिवशी मी कामावरून परतले तर दारातच मला मावशींचा आवाज ऐकू आला. "हे आमच्या स्वर्गातील पित्या," असे त्या म्हणत होत्या, लातूरच्या हेलात, आणि थांबत होत्या. मग पप्पा पुढचे म्हणू लागले, नाव, राज्य, इच्छा, करत करत, आणि "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" इथे आल्यावर त्यांनी तोंड उघडे ठेवले. मावशींनी मऊ भाताचा घास आत दिला. मी विचारल्यावर त्या म्हणाल्या, "बाबांनी मला शिकवलं, ताई. भूक लागली की ते ते म्हणाया लागतात आणि भाकरीपाशी येऊन थांबतात. म्हणून मीच सुरू करून देते. बाबांचं गाडं तिथून चालू होतं."

आम्ही घरचे लोक इतके दिवस ते ऐकत होतो. पप्पा अवेळी प्रार्थना सुरू करत, मधेच तोडत, आणि आम्ही हात जोडून, डोळे मिटून उरलेली पूर्ण करत होतो. ते भाकर मागत होते. "भाकर" या शब्दापाशी थेट जाता येत नव्हते म्हणून ते स्वर्गातील पित्यापासून चालत यायचे. थेरपिस्ट मुलीला हे सांगितल्यावर तिला मुळीच आश्चर्य वाटले नाही. पाच म्हणायचे असेल तर असे रुग्ण एकपासून मोजत पाचपर्यंत येतात, असे ती म्हणाली. तिचे म्हणणे मला पूर्णपणे पटते. आणि तरीही, तुळशीची माळ घातलेली एक बाई माझ्या ख्रिस्ती वडिलांना घास भरवण्यासाठी येशूने शिकवलेली प्रार्थना रोज तीनदा म्हणत होती, या गोष्टीचे काय करायचे ते मला कळत नाही. एलीया संदेष्ट्याला होरेब डोंगरावर मंद वाणी ऐकू आली हे आपण नेहमी ऐकतो. त्याच्या आधीचा प्रसंग मात्र उपदेशात घाईने उरकला जातो. तो रानात एका झुडपाखाली मरण मागत पडला होता तेव्हा देवदूताने त्याला काहीच समजावले नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी उशाशी ठेवून "ऊठ, खा" एवढेच म्हटले. तो खाऊन पुन्हा झोपला, आणि तेही चालवून घेतले. शिवीचा प्रश्न त्यानंतर मला फारसा छळेनासा झाला. उत्तर मिळाले असे नाही. पुरावा शोधण्याची गरज कमी झाली.

पप्पांचे बोलणे परत आले नाही. ते तसेच गेले.

दरवर्षी आमचे महिला मंडळ केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन पाहायला जाते, आणि तिथे उभे राहिल्यावर मला हल्ली एकच हिशेब आठवतो. रमाबाईंनी १९०७ मध्ये आपली साक्ष लिहून प्रसिद्ध केली. दुष्काळात पाने खाऊन काढलेले दिवस, डोळ्यांसमोर गेलेले वडील, मग आई, मग बहीण, पुढे १८८० मध्ये भाऊ आणि १८८२ मध्ये पती, हे सगळे तोवर होऊन गेले होते; विधवांसाठी काढलेले शारदा सदन पुण्यात स्थिरावून, त्यावरून वादळ उठून, दुष्काळातल्या मुलींनी केडगाव भरून गेले होते. बाप्तिस्मा घेतल्यानंतरही कितीतरी वर्षे आपल्याला धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हता, असे प्रांजळपणे सांगणारी ती साक्ष आहे. पण त्यांची एकुलती एक मुलगी, जिच्या हाती सगळा कारभार सोपवायचा होता ती मनोरमा, गेली १९२१ च्या जुलैमध्ये. म्हणजे साक्ष लिहून झाल्यावर चौदा वर्षांनी. त्यानंतरची साक्ष रमाबाईंनी लिहिली नाही. पुढच्या एप्रिलमध्ये त्याही गेल्या. मधल्या महिन्यांत बायबलच्या भाषांतराचे काम चालू होते. ते छापून पूर्ण झाले १९२४ मध्ये. शेवटच्या त्या महिन्यांविषयी भाविक लोक पुष्कळ गोष्टी सांगतात. मला त्या गोष्टींपेक्षा मुलगी गेल्यावर हिब्रू कोश पुन्हा उघडून बसलेल्या, कानांनी जवळजवळ बहिऱ्या झालेल्या त्या बाईच जास्त जवळच्या वाटतात. त्यांना त्या वेळी कोणी "साक्ष द्या" म्हटले असते तर त्या काय म्हणाल्या असत्या, हा प्रश्न मला घोरपडीच्या त्या सभेनंतर पडला.

बायबलचा ग्रंथ मात्र अशा माणसांना विनंतीच्या चिठ्ठीवर ढकलत नाही. दीडशे स्तोत्रांतला मोठा भाग विलापाचा आहे. त्यांतली बहुतेक शेवटी स्तुतीकडे वळतात. अठ्ठ्याऐंशीवे वळत नाही. ते हेमानाच्या नावावर आहे. तो रात्रंदिवस आक्रोश करतो, आपल्याला मेलेल्यांत मोजतात म्हणतो, तूच मला या गर्तेत टाकलेस असा आरोप देवावर ठेवतो, सकाळ झाली की पुन्हा तेच सुरू करतो, आणि अंधार या शब्दावर येऊन थांबतो. देवाचे उत्तर त्यात नाही. सुटका नाही. तरी त्यातला एकही शब्द देव सोडून दुसऱ्या कोणाला उद्देशून नाही. घोरपडीच्या बाई उभ्या राहिल्या तेव्हा त्या नकळत हेमानाच्या रांगेत उभ्या राहिल्या होत्या, असे मला वाटते, आणि आपल्याजवळ त्यांच्यासाठी गीताच्या क्रमांकाखेरीज काही नव्हते.

हे मी पाळकसाहेबांना सांगितले. ते फार बोलले नाहीत, पण त्यांनी गेल्या उपवासकाळात एका रविवारी उपदेशाआधी तेच स्तोत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले आणि वर कसलेही विवेचन जोडले नाही. वाचन संपल्यावर आमेन म्हणायचे की नाही यावरून मंडळीत गोंधळ झाला; पुढच्या बाकांवरून थोडे आमेन आले, मागून आले नाहीत. उपासना सुटल्यावर पंचांपैकी एका वडीलधाऱ्या काकांनी पाळकसाहेबांना व्हरांड्यात गाठले. "साहेब, लोक आठवडाभराचं ओझं उतरवायला इथे येतात. असलं ऐकवून त्यांना घरी पाठवायचं?" पाळकसाहेब म्हणाले, "काका, मी पदरचं काही घातलं नाही. छापलंय तेच वाचलं." काकांचे समाधान झाले नाही. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत त्यांचा चाळिशीतला मुलगा गेला, दफनाच्या वेळी कब्रस्तानात मोजकीच माणसे सोडली होती, आणि तेव्हापासून ते पहिल्या बाकावर बसून सर्वांत मोठ्या आवाजात गातात. हे स्तोत्र नको, असे म्हणण्याचा हक्क त्यांच्याइतका क्वचितच कोणाला असेल. तरीही मी पाळकसाहेबांच्या बाजूने बोलले, आणि काकांच्या तोंडावर बोलले. त्यांनी हा विषय पंचांच्या पुढच्या बैठकीत घेतला आहे. मलाही बोलावले आहे, आणि बायबल घेऊन या, असा निरोप आहे.